बाराव्या घराचा गॅस

सोमवार, ६ जानेवारी १९६४. बिलखेडे.

पोचलो एकदाचा. नंदुरबारला पहाटे गाडीतून उतरलो, मग एसटी, मग नावेने तापी ओलांडली आणि पलीकडे बन्सीलाल पाटलांची बैलगाडी उभीच होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये उसाचे तुरे, हवा अशी की आपोआप शीळ घालावीशी वाटली. घातलीही. गाडीवान मागे वळून हसला.

बन्सीलाल पाटील पन्नाशीचे, तापीकाठचे गुजर शेतकरी. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं कमी. गावात गोबर गॅस आणायचा ध्यास यांचाच. स्वतःच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची गुरं मोजून त्यांनी शेणाचा हिशोब मांडला आणि सगळ्यांच्या मिळून एकाच टाकीतून घरोघर नळ काढले. आधीचा गॅस-कारागीर पावसाळ्यात नोकरी सोडून गेला. तेव्हापासून पाटीलच कशीबशी टाकी चालवत होते.

मुंबईच्या गॅस कारखान्यात मी अकरा वर्षं दाब तपासायचं काम केलं. तिथल्या टाक्या तीन मजली. इथली पाहून मला हसूच आलं. विटांनी बांधलेली गोल विहीर, तिच्यात शेणकाला, आणि त्यावर उपडी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठला की टाकी वर येते, वापरला की खाली बसते. टाकीच्या वजनाने दाब मिळतो, दाब वाढवायचा तर वर दगड ठेवायचे. इतकं साधं, इतकं खरं! मला हे यंत्र पहिल्या नजरेत आवडलं.

राहायची खोली टाकीला लागूनच, गल्लीच्या अलीकडच्या टोकाला. भिंतीवर काचेची वाकडी नळी, तिच्यात लाल पाणी. लाइनीतला दाब तीवर वाचायचा. चार इंच म्हणजे उत्तम. जेवायला पाटलांकडे होतो. त्यांच्या पत्नी जसोदाबाईंनी भाकरीवर इतकं तूप ओतलं की मी हात आडवा धरला, तर बोटांवरही ओतलं.

मंगळवार, ७ जानेवारी.

सकाळी सगळी लाइन पायी फिरलो. मुख्य नळ गल्लीभर जमिनीखालून जातो, त्याला उतार चांगला दिलाय. उतार हवाच. गॅसबरोबर वाफ येते, तिचं पाणी होतं आणि नळात साचलं की ज्योत फडफडते. सखल जागी हे पाणी काढायची पेटी आहे. दर पंधरवड्याने गॅस बंद करून ती रिकामी करावी लागेल.

घरं अकरा. प्रत्येक घरात एक शेगडी, तिच्याखाली पितळी चावी. बायका खुशीत आहेत. डोळे झोंबत नाहीत, भांडी काळी होत नाहीत. एका आजीने मात्र मला विचारलं की शेणाच्या जाळावरची भाकरी देवाला चालते का. मी म्हटलं, गोवरीवरची चालायचीच ना? तिला पटलं.

जुन्या कारागिराने काढलेल्या नकाशात मात्र बारा फाटे दिसतात. बाराव्यावर काट मारलेली. पाटलांना विचारलं तर म्हणाले, ते वहिनीचं घर, धनुबाईचं. थोरल्या भावाची विधवा. मूलबाळ नव्हतं, एकटीच राहायची. गेल्या श्रावणात वारली. फाटा बूच मारून बंद केलाय, घराला कुलूप आहे. इतकं सांगून ते केळीच्या भावावर आले.

मंगळवार, १४ जानेवारी.

संक्रांत. जसोदाबाईंनी तिळाचे लाडू पाठवले. घेऊन आला जामसिंग. हा धडगावकडचा पावरा आदिवासी, माझ्याच वयाचा, चाळिशीचा. रोज सकाळी शेण आणि पाणी कालवून विहिरीत सोडणं त्याचं काम. त्याची पावरी बोली मला येत नाही, माझी मराठी त्याला पुरती येत नाही. मधल्या वाटेवर दोघं तुटक अहिराणीत भेटतो.

टाकीपाशी दुसरं कोणी फिरकत नाही. शेणाचा वास, दुसरं काय. दिवसभरात मला दहा वाक्यं बोलायला मिळत असतील. पण एक नवीन खेळ सापडलाय. गल्लीत कोणी एक शेगडी पेटवली की काचेतलं लाल पाणी एक दोरा खाली येतं. गवंड्या-सुतारांचा दोरा, इंचाचा आठवा भाग. दोन पेटल्या की दोन दोरे. खोलीत बसल्या बसल्या मला कळतं आता कोण उठलं, कुणाचा चहा झाला. पहाटे पहिली शेगडी जसोदाबाईंची, शेवटची त्या ‘देवाला चालते का’ विचारणाऱ्या आजीची. संध्याकाळी सहाला अकरा दोरे खाली: सगळी गल्ली घरी, सगळ्यांच्या भाकऱ्या तव्यावर. मग मीही माझा स्टोव्ह पेटवतो. एकत्र जेवल्यासारखं वाटतं.

पत्नी जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासूनचा माझा हा पहिलाच कुटुंबकबिला.

बुधवार, २२ जानेवारी.

संध्याकाळी पाणी बारा दोरे खाली आलं.

पुन्हा मोजलं. बाराच. वीस-पंचवीस मिनिटं तसंच राहिलं आणि मग एक दोरा वर चढलं. उरले अकरा.

गळती असणार. उद्या साबणाचं पाणी घेऊन सगळे जोड तपासतो.

शुक्रवार, २४ जानेवारी.

सगळे जोड तपासले. एकही बुडबुडा नाही. शिवाय गळती अशी नसते. ती रात्रंदिवस चालू राहते, कोणी चावी फिरवल्यासारखी उघडत-मिटत नाही. आज दुपारी साडेतीनला गल्लीत एकही शेगडी चालू नव्हती, मी स्वतः घरोघर जाऊन पाहून आलो. परत येऊन नळी पाहिली. पाणी एक दोरा खाली.

आधी वाटलं कोणी चोरून फाटा घेतला असेल. पण नेऊन नेऊन नेणार कुठे?

शनिवार, २५ जानेवारी.

जामसिंगला घेऊन बारावा फाटा उकरला. जागा गल्लीच्या पार पलीकडच्या टोकाला, धनुबाईच्या अंगणात. जामसिंगने कुदळ चालवली, पण नळ दिसू लागताच अंगणाबाहेर जाऊन उभा राहिला, बाकीची माती मी हाताने काढली. बूच जागेवर. गळू नये म्हणून ताग आणि सफेदा लावून गच्च आवळलेलं, वर गंज चढलेला. साबणाचं पाणी टाकलं. काही नाही.

मग खिडकीच्या गजातून आत पाहिलं. स्वयंपाकाची एकच खोली, कोपऱ्यात शेगडी. जमिनीवर, फडताळावर, सगळीकडे बोटभर धूळ. पाच महिने बंद घर, धूळ असणारच. शेगडीवर मात्र धूळ नव्हती. पितळी चावी तर चकचकीत, रोज हात लागणाऱ्या वस्तूसारखी.

जामसिंगला पाहायला बोलावलं. तो अंगणाबाहेरून हलला नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी.

आज नळातलं पाणी काढायचा दिवस. याचा नियम मला झोपेतसुद्धा पाठ आहे. मुख्य चावी बंद केली की चालू असलेल्या सगळ्या शेगड्या विझतात. गॅस पुन्हा सोडायच्या आधी प्रत्येक घरातली चावी बंद आहे ना, हे आपण स्वतः पाहायचं. एक जरी उघडी राहिली तर तिथून न पेटलेला गॅस घरात भरतो. माणूस झोपलेलं असेल तर झोपलेलंच राहतं.

दुपारी तीनला घरोघर सांगायला निघालो. पहिल्याच घरात सून म्हणाली की निरोप मिळाला, चावी बंद केलीय. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरातही. अकराही घरांतल्या चाव्या बंद होत्या. मला वाटलं जामसिंग शहाणा, माझ्या आधीच फिरून आला.

जामसिंग विहिरीपाशीच होता. कोपरापर्यंत हात शेणात. म्हणाला, तो सकाळपासून जागचा हललेला नाही.

परत जाऊन आजींना विचारलं, कोण आलं होतं? आजी म्हणाल्या, कोणी बाई होती. दाराबाहेरूनच हाक मारली, “गॅस जाई ऱ्हायना, चावी बंद करी ल्या.” त्या बाहेर येईतो पुढच्या घरी गेलेली. आवाज ओळखीचा वाटला पण आता कान धड नाहीत.

जसोदाबाईंना विचारलं तेव्हा त्यांच्या हातातली परात खाली पडली. उचलायला वाकल्या त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या. 

बुधवार, ५ फेब्रुवारी.

बन्सीलाल पाटील टाकीपाशी आले. मी आल्यापासून पहिल्यांदाच. गल्लीत निरोप द्यायला कोणा बाईला पाठवू नका म्हणाले. मी पाठवली नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता टाकीकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि गेले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

आज जसोदाबाई स्वतः खिचडी-कढी घेऊन आल्या. डबा ठेवला आणि उंबऱ्यावर बसल्या. पदर तोंडाला लावून बोलत होत्या, मला अर्ध्या वेळा पुन्हा विचारावं लागलं. जे समजलं ते लिहून ठेवतो.

श्रावणातली गोष्ट. संततधार पाऊस, सगळी दारं-खिडक्या बंद. नळात पाणी भरलं म्हणून जुन्या कारागिराने गॅस बंद केला. अकरा घरी तो स्वतः सांगून आला. बारावं घर लांब, मध्ये गुडघाभर चिखल. वाटेत बन्सीलाल भेटले. कारागीर म्हणाला, तुमच्या वहिनींना तेवढं सांगा. पाटील म्हणाले सांगतो. पण विहिरीच्या पाण्यावरून त्यांचं आणि वहिनीचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. ते शेतात निघून गेले. धनुबाईला ताप होता. शेगडीवर काढा ठेवून ती शेजारीच आडवी झाली होती. ज्योत विझली, तिला कळलं नाही. तासाभराने गॅस परत आला.

तिसऱ्या दिवशी कळलं. दूध घालणारा हाका मारून गेला, दुसऱ्या दिवशीही हाका मारून गेला, तिसऱ्या दिवशी त्याने दार ढकललं.

मी विचारलं, तीन दिवस कोणीच गेलं नाही?

“कोणीच नही,” जसोदाबाई म्हणाल्या. “मी बी गऊ नही, भाऊ. दोनशे पावलं व्हतं तिन्हं घर. ह्या घरना माणूस बोलस नही म्हनीसन मी बी बोलू नही.” मग पदर सावरून उठता उठता, “परवा तो आवाज भाभीनाच व्हता.”

खिचडी तशीच निवली. मी भुतंखेतं मानत नाही. पण तीन दिवस हा शब्द डोक्यातून जात नाही. मी इथे मेलो तर कितव्या दिवशी कळेल? जामसिंग सकाळी येतो. म्हणजे एक.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

दुपारी उसाने भरलेली गाडी गल्लीत कलंडली आणि तिचा लोखंडी आस मातीत घुसून वरवर पुरलेला मुख्य नळ फुटला. गॅस भसाभस बाहेर. मी धावत जाऊन मुख्य चावी बंद केली. कोणाला सांगायला वेळच मिळाला नाही. नळ बदलायला दीड तास लागला. मग घरं तपासायला निघालो. आठ शेगड्या त्या वेळी चालू होत्या हे मला काचेवरून माहीत होतं. एका घरात पाळण्यात सहा महिन्यांचं मूल निजलेलं, आई नदीवर.

आठही चाव्या बंद होत्या. त्या आईच्या घरातलीसुद्धा. घरात मुलाशिवाय कोणीच नव्हतं.

तिने बंद केली.

हे वाक्य मी लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. भीती वाटायला हवी होती. वाटली ती नंतर. आधी वाटलं, चला, या कामात आपल्याला एक जोडीदार आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी.

रोज दुपारी साडेतीन. पाणी एक दोरा खाली. मी घड्याळ काढून वाट पाहतो.

काल पाणी खाली आलं नाही तर चैन पडेना. पावणेचारला आलं तेव्हा हायसं वाटलं. हे बरं लक्षण नाही, कळतं मला. पण दिवसाला दहा वाक्यं, त्यातली सहा जामसिंगची.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

आज पेटी रिकामी करायचा दिवस. मी मुद्दाम गेलो नाही. खोलीत बसून ऐकत राहिलो. दुपारी गल्लीत सामसूम असते. लांबून पहिली हाक ऐकू आली. मग दुसरी. शब्द कळत नव्हते, नुसता सूर. जवळ जवळ येत होती. बायका दारात येत असतील, दिसत कोणी नसेल. मी बोटांवर मोजत होतो. नऊ. दहा. अकरा.

मग पावलं माझ्या खोलीपाशी आली आणि थांबली.

दार लोटलेलं होतं. फटीतून ऊन आत येत होतं, त्या उन्हात सावली नव्हती. मी विचारलं, कोण?

“अकरा घर सांगीसन व्हयनं,” बाहेरून आवाज आला. थकलेला, घरातल्या बाईचा असतो तसा. “बारावं तुन्हं शे.”

मी उठून दार उघडेपर्यंत काही नव्हतं. शेणाचा वास, केळीची पानं हलत होती. जामसिंग विहिरीवर पाठमोरा उभा. त्याने वळून पाहिलं नाही. त्याची मान मात्र आखडली होती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

जामसिंग होळीला वर डोंगरात, आपल्या गावी चालला. आमच्यात एवढं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. म्हणाला, “भाऊ, चाल मन्हा संगे. होळी शे. आठे काय शे तुन्हं?” म्हणाला तोरणमाळची हवा गार असते, ढोल असतात, त्याची बायको बरटीची, तिकडच्या बारीक धान्याची, भाकरी करेल.

मी म्हटलं टाकी कोण बघेल.

त्याने गाठोडं खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, त्या घरी जाऊ नको. ती सांगेल तरी जाऊ नको. आणि गेला. घाटाकडच्या रस्त्यावर त्याचा लाल फेटा बराच वेळ दिसत होता.

तो परत येणार नाही. मी ओळखून आहे.

रविवार, १ मार्च.

शेण मीच कालवतो आहे. पाठ गेली. होळीची पोळी कोणीतरी दाराशी ठेवून गेलं, हाक न मारता. गल्लीतले लोक माझ्याशी बोलणं टाळतात. मी तिला आणली असं म्हणतात म्हणे.

बारावं घर माझं. म्हणजे काय ते मला कळलंय. ती सगळ्यांना सांगते. तिला कोणी सांगत नाही, ते मी सांगायचं. पाटलांना जाऊन म्हटलं, तुमच्याकडे दिलेला निरोप राहिलाय, एकदा जाऊन सांगून या, चार शब्दांचं काम. त्यांनी दार लावून घेतलं.

मीही गेलो नाही. जामसिंगचे शब्द आठवत होते.

शुक्रवार, ६ मार्च.

आज गॅस बंद करायचा होता. साडेतीन झाले. चार. हाक नाही.

मीच फिरलो. अकरा घरं. एकूण एक चावी माझ्या हाताने बंद केली, फिरवून पाहिली. जसोदाबाईंची दोनदा पाहिली. मग मुख्य चावी. पाणी काढलं. गॅस परत सोडला.

काचेत पाणी चार इंचावर आलं आणि तिथून एक दोरा उतरलं. मला वाटलं नेहमीचंच, ती. तेवढ्यात पाटलांची आरोळी ऐकू आली, तसा धावलो.

ती नव्हती. जसोदाबाई होत्या. शेगडीपाशी पडलेल्या, चावी सताड उघडी, दार आतून लावलेलं. पाटलांनी खांद्याने दार मोडलं. आम्ही त्यांना अंगणात आणलं. ओठ निळे. कितीतरी वेळाने छाती हलली.

शुद्धीवर आल्या तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चावी तिनी उघडी. मी देखं. मन्हाकडे देखीसन उघडी.”

पाटील ओसरीवर डोकं धरून बसले होते. वर न बघता म्हणाले, परवा म्हसावदला चुलत पुतणीचं लग्न. सगळी गल्ली जाईल, जसोदाही. आम्ही गेलो की ही टाकी बंद करून टाका. कायमची. चूल बरी.

मी विचारलं, आणि तिला?

ते रडायला लागले. पण उठले नाहीत.

रविवार, ८ मार्च. सकाळी दहा.

सगळे गेले. आठ गाड्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज नदीपर्यंत ऐकू आला, मग तोही नाही. वऱ्हाड तीन दिवसांनी परत येईल. अकरा घरांना अकरा कुलुपं. जायच्या आधी अकराही चाव्या मी तपासल्या.

मीही उद्या निघेन. आज टाकी उतरवायची एवढंच.

दुपारी बारा.

मुख्य चावी बंद केली. लाइनीतला गॅस पेटीच्या तोंडाने सोडून दिला. काचेतलं पाणी शून्यावर यायला हवं.

चार इंचाला एक दोरा कमी. तिथेच आहे.

मागे गॅस नाही. पुढे कोणीतरी शेगडी पेटवलेली आहे.

दुपारी तीन.

टाकीवरचे सगळे दगड काढले. झडप उघडून टाकीतला गॅस हवेत सोडला. टाकी तळाला बसली. तरी पाणी तिथेच. एक दोरा.

असाच निघून गेलो तर? वऱ्हाड परत येईल. घरांत मुलं आहेत. ते पाळण्यातलं आहे. नळ जमिनीत तसेच आहेत, आणि तिला नळात गॅस नसला तरी चालतंय असं दिसतं.

चार शब्दांचं काम. गॅस बंद होतोय, चावी बंद करा. कोणीतरी जाऊन सांगायला हवं होतं. सात महिन्यांपूर्वी. चिखल होता म्हणून गेले नाहीत. आता चिखल नाही.

वही बरोबर नेतो. वेळ लिहायला. सवय.

साडेतीन.

धनुबाईच्या दारातून लिहितो आहे. कुलूप कडीला लटकतंय, उघडं. दार दगड लावून उघडं ठेवलंय. शेगडी चालू. ज्योत निळी, अजिबात न फडफडणारी. इतकी नीट ज्योत मी मुंबईतसुद्धा —

मोठ्याने म्हणालो. भाभी, गॅस बंद होतोय. चावी बंद करा.

ज्योत गेली.

पण चावी फिरल्याचा आवाज नाही आला. आत जाऊन ती फिरवावी लागेल. दोन पावलं.

—

चावी हाताला गरम. फिरली. वाटतं फिरली.

पाट मांडलेला आहे. शेजारी आडवी झाल्यासारखी जागा, तिथे धूळ नाही. “बैस,” म्हणाली. पत्नी गेल्यापासून मला कोणी बैस म्हणालं नव्हतं. बसलो. थोडा वेळ.

पुन्हा पुन्हा म्हणते आहे की आज कोणीतरी आलं. “कोणी तरी उनं.” लहान पोरीसारखी खूश. मी सांगितलं ना. झालं माझं काम.

—

वास खूप आला आधी. आता येत नाही. वास थांबला म्हणजे गॅस गेला असं नव्हे. नाक मरतं आधी. हे मी नव्या पोरांना शिकवायचो. पहिला धडा. उठायला हवं.

दार मी उघडं ठेवलं होतं. दगड लावला होता

उजेड कमी का —

पाय जड. बरं वाटतंय पण. ती कपाळावर हात

उठ. उठ

वऱ्हाड तीन दिवस — मी इथे आलो हे कोणाला — जामसिंग वर — पाटलांना नाही सांगितलं — कोणालाच

चावी उलटी फिरव

ती विचारते आहे. कानाशी. हळू. मन्हाकडे तू उना भाऊ, ते बरं व्हयनं. आनि तुले सांगाले कोण